विचारा की! बोटीवर जेवायला टाय लावूनच जायचं का?

मागच्या अंकात क्रूझसाठी बॅग कशी भरायची ते लिहिलं होतं आणि त्यात कपड्यांना मी मोजून दोन ओळी दिल्या, ही माझी चूक. पत्रांचा ढीग आलाय आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच धास्ती, की बोटीवर रात्रीच्या जेवणाला सूट घालावा लागतो म्हणे, खरं का? म्हणून या वेळी दुसरं काही नाही, फक्त कपडे. सारखी पत्रं होती ती एकत्र केलीत. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण दोघीतिघींनी नवऱ्याबद्दल जे लिहिलंय ते त्याने वाचलं तर क्रूझच कॅन्सल व्हायची.

ताई, लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मुलं आम्हाला सात रात्रींच्या क्रूझवर पाठवतायत. सगळं छान चाललं होतं, पण मुलाने माहितीपत्रक वाचून दाखवलं आणि त्यात "फॉर्मल नाइट" आलं, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र. आमच्या ह्यांनी टाय लावला तो लग्नात, तोही मेहुण्याने बांधून दिलेला. आता म्हणतात तू जा, मी घरीच बरा. काय करू?

आधी ह्यांना सांगा की बोटीवर उपाशी कुणालाच ठेवत नाहीत. फॉर्मल नाइट म्हणजे त्या रात्री अख्खी बोट सूट घालून हिंडते असं अजिबात नसतं. नियम असतो तो जेवायच्या जागेला असतो, माणसाला नाही, एवढं डोक्यात बसलं की निम्मी भीती तिथेच संपते. मोठ्या बोटीवर जेवायच्या जागा बऱ्याच असतात, एक मोठा हॉल असतो त्याला मेन डायनिंग रूम म्हणतात, तिथे तुम्ही टेबलावर बसायचं आणि वेटर आणून देणार, मग वरच्या डेकवर बुफे, मग जास्तीचे पैसे भरून जायची एक-दोन स्पेशल रेस्टॉरंटं, पूलशेजारी काहीतरी खायला मिळणारी खिडकी, आणि कुठेच जायचं नसेल तर केबिनमध्ये मागवायचं. फॉर्मलचा नियम लागतो तो त्या मोठ्या हॉलला आणि काही ठिकाणी स्पेशल रेस्टॉरंटांना. बुफेत तुम्ही साध्या शर्ट-पँटमध्ये जा, कुणी मान वर करून बघत नाही.

दुसरं म्हणजे हे रोज नसतं. सात रात्रींत साधारण दोन रात्री, छोट्या सफरीत एक. कार्निव्हल कंपनीचं तर ठरलेलंच आहे, दोन ते पाच दिवसांची सफर असेल तर एक रात्र आणि सहा दिवसांपासून पुढे दोन. या रात्री बहुतेक वेळा ज्या दिवशी बोट कुठे न थांबता नुसती समुद्रात असते त्या दिवशी ठेवतात, कारण दिवसभर गाव हिंडून उन्हातान्हात दमून आलेल्या माणसाला संध्याकाळी नटायला सांगितलं तर तो चिडणारच. पहिल्या रात्री तर सहसा नसतंच, बॅगा केबिनपर्यंत पोचल्याची खात्री नसते.

आता किती कडक, हे कंपनीवर. सगळ्यात काटेकोर क्युनार्ड. त्यांच्या क्वीन मेरी २ वर संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बऱ्याच भागात रोजच नीटनेटकं असावं लागतं आणि गाला इव्हनिंग म्हणून ज्या रात्री असतात त्या रात्री पुरुषांना डिनर जॅकेट (म्हणजेच टक्सिडो) नाहीतर गडद सूट, वर बो टाय किंवा साधा लांब टाय. तिथेही ज्याला हे नको त्याला किंग्ज कोर्ट नावाचा बुफे आणि गोल्डन लायन नावाचा पब मोकळा ठेवलेला असतो. अगदी दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन, त्यांनी २००० सालीच फ्रीस्टाइल म्हणून नवीन पद्धत काढली, ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, सक्तीची फॉर्मल रात्र नाही. सेलेब्रिटीने २०१५ मध्ये "फॉर्मल" हा शब्दच काढून टाकला आणि "इव्हनिंग शिक" आणलं, म्हणजे छान दिसा पण टायसाठी गळा आवळू नका. व्हायकिंग, ओशियानिया, अझामारा यांच्याकडे फॉर्मल रात्रच नाही. नदीतल्या बोटींवर तर हा विषयच येत नाही.

म्हणजे बुकिंग व्हायचं असेल तर मुलांना सांगा, बाबांचं कपाट बघून बोट निवडा, बोट बघून बाबांना शिंप्याकडे नेऊ नका. आणि बुकिंग झालंच असेल तरी घाबरू नका, कारण क्युनार्डसारख्या एकदोन कंपन्या सोडल्या तर बाकीच्या मोठ्या बोटींवर फॉर्मल रात्रीसुद्धा नीट इस्त्रीचा फुल बाह्यांचा शर्ट, चांगली पँट आणि बूट एवढ्यावर हॉलमध्ये घेतात. जॅकेट असलं तर उत्तम, टाय ऐच्छिक. ह्यांना एवढं वाचून दाखवा. तरीही "मी घरीच बरा" म्हणाले तर प्रश्न टायचा नाहीये, वेगळाच काहीतरी आहे, तो तुम्ही दोघं बघून घ्या.

मॅडम, "स्मार्ट कॅज्युअल" म्हणजे नक्की काय? सूट नाही आणि बर्मुडा नाही एवढं कळलं, पण मध्ये बरंच काही येतं.

बरोब्बर पकडलंत, हा शब्द मुद्दाम सैल ठेवलेला आहे, म्हणजे भांडण झालं तर दोघांनाही जागा राहते. माझी पद्धत सोपी आहे. काय चालतं ते विचारायचं नाही, काय चालत नाही ते पाठ करायचं, कारण ती यादी जवळपास सगळीकडे तीच. पोहायचे कपडे, बिनबाह्यांचे बनियनसारखे टीशर्ट (पुरुषांचे, बायकांचे बिनबाह्यांचे टॉप आणि ड्रेस चालतात, हा पक्षपात का ते मला विचारू नका), रबरी चपला, फाटकी जीन्स, जिमचे कपडे, बेसबॉल कॅप. यातलं काही अंगावर नसेल आणि कपड्याला चुणी नसेल तर तुम्ही स्मार्ट कॅज्युअल. कॉलरचा शर्ट आणि लांब पँट घातलेल्या पुरुषाला मी आजवर कुठल्या दारातून परत जाताना पाहिलं नाही. न फाटलेली गडद जीन्स बऱ्याच ठिकाणी चालते. घोळ होतो तो हाफ पँटचा, काही बोटींवर साध्या रात्री चांगली हाफ पँट चालवून घेतात आणि काहींवर नाही, तेव्हा एक लांब पँट जास्तीची ठेवा आणि विषय संपवा.

सुट्टीसाठी एवढे पैसे भरायचे, आणि वर जेवायला कसं यायचं ते ही लोकं मला शिकवणार? हॉटेलात कुणी असं सांगत नाही. ही जुनी साहेबी थेरं अजून का चालू आहेत, याचं सरळ उत्तर द्या. उगाच "परंपरा आहे" म्हणून सोडून देऊ नका.

नाही सोडत. तुमचा राग मला आवडला, आणि थोडा पटतोही. पण हे थेर आलं कुठून ते कळलं तर राग जरा योग्य ठिकाणी काढता येईल.

ज्या काळी विमानं नव्हती त्या काळी अटलांटिक ओलांडायचा म्हणजे बोटच, आणि बोटीवर वर्ग असायचे. पहिला वर्ग, दुसरा, तिसरा. एकाच बोटीत पण वेगवेगळे जिने, वेगवेगळे डेक, वेगवेगळे हॉल. १९१२ ची टायटॅनिक घ्या, तिच्यावर पी. डब्ल्यू. फ्लेचर नावाचा बिगुलवाला होता, जेवणाची वेळ झाली की तो बिगुल वाजवायचा, आणि पहिल्या वर्गातली मंडळी नटून जेवायला उतरायची. खालच्या तिसऱ्या वर्गात असं काही नव्हतं, तिथे लोक आहे त्या कपड्यांत जेवायचे. म्हणजे तेव्हा कपडे हे तिकीटच होतं, बघितल्याबरोबर कळायचं की हा कुठल्या डेकवरचा. तुम्ही साहेबी थेर म्हणालात ते त्या काळापुरतं शंभर टक्के खरं.

पुढे १९३० च्या दशकात तर याचं नाटकच झालं. फ्रेंच कंपनीची नॉर्मंडी, पहिली सफर १९३५, तिचा पहिल्या वर्गाचा जेवणाचा हॉल जवळजवळ ९० मीटर लांब होता, ७०० माणसं एका वेळी जेवायची, एकही खिडकी नाही, सगळा उजेड काचेच्या उंच खांबांचा, तेही लालीक या नामांकित फ्रेंच काच-कलाकाराने केलेले. आणि हॉलमध्ये शिरताना पायऱ्या उतरून जायचं. फ्रेंच बोटींवर हे मुद्दाम केलेलं असायचं, जिना वरून खाली येणारा, म्हणजे आधीच बसलेल्या सगळ्यांनी मान वर करून येणाऱ्या बाईचा गाऊन बघावा. बघायला आणि दाखवायला बांधलेली खोली ती. तिथे तुम्ही मळक्या शर्टात उतरलात तर नियम मोडला असं नाही, नाटकात मधूनच प्रेक्षक स्टेजवर चढल्यासारखं होईल. (एवढी देखणी बोट, पण सात वर्षंही टिकली नाही, १९४२ मध्ये न्यूयॉर्कला लष्करासाठी बदल करताना जळाली.)

गंमत म्हणजे त्या नटव्या काळातही एक सवलत होती. पहिल्या आणि शेवटच्या रात्री नटायचं नाही असा रिवाज, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसायच्या आणि शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असायच्या. ट्रंकांवर तर लेबलं लागायची, ही प्रवासात लागणार, ही लागणार नाही, आणि न लागणाऱ्या थेट तळाच्या गोदामात. आज पहिल्या रात्री फॉर्मल ठेवत नाहीत म्हणून वर लिहिलं ना, तो हाच रिवाज, शंभर वर्षं झाली तरी चालू आहे.

मग १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि बोटींचा धंदा बसला. ज्या तगल्या त्या गरम समुद्रात मौजेच्या सफरी करायला लागल्या, आणि उन्हात फिरायला आलेल्या माणसाला रोज टाय कोण लावायला सांगणार? त्यात आता बहुतेक लोक विमानाने बंदरापर्यंत जातात आणि विमानात एका बॅगेला बहुतेक वेळा २३ किलो. तीन गाऊन आणि दोन सूट त्यातच कोंबायचे असले की परंपरा आपोआप पातळ होते. माझ्या मते फॉर्मल नाइट मोडली ती तरुण पिढीने नाही, विमानाच्या वजनकाट्याने. क्युनार्डची अटलांटिकची सफर अजून एवढी नटते याचं एक कारण हेच असणार, की इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन बंदराला माणसं गाडीने पोचतात, डिकीतून बॅगा काढतात आणि सरळ बोटीवर चढवतात.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. आज नियम का ठेवतात? कारण तो काही लोकांना हवा असतो आणि ते त्यासाठीच तिकीट काढतात. तुम्ही पैसे भरलेत तसे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीही भरलेत, आणि त्यांना वर्षातून एक रात्र अशी हवी आहे की हॉलभर सगळे छान दिसतायत. ती रात्र सगळ्यांनी मिळून केली तरच होते, निम्म्या लोकांनी केली तर ना धड इकडे ना तिकडे. म्हणून हॉल त्यांना द्या, बुफे तुम्ही घ्या. पण कंपनीने फॉर्मल रात्री बुफे लवकर बंद केला किंवा पदार्थ कमी केले तर मात्र मी तुमच्या बाजूने, कारण मग तो पर्याय राहत नाही, शिक्षा होते. तशी तक्रार लिहून द्या, खुशाल द्या.

मला मात्र उलट हौस आहे. आयुष्यात एकदा टक्सिडो घालायचाय. गडद सूट आणि टक्सिडोत बघणाऱ्याला फरक कळतो का? आणि तो विकत घ्यावा की भाड्याने?

वा, एक तरी असं पत्र आलं! कळतो हो फरक. टक्सिडोच्या कॉलरला रेशमी चकाकी असते, पँटच्या बाजूने तशीच पट्टी जाते, शर्ट पांढरा आणि टाय म्हणजे बो. बेल्ट लावत नाहीत, कमरेला कमरबंद किंवा आत वेस्टकोट. आणि कृपा करून काळ्या सुटालाच बो टाय लावून "झाला टक्सिडो" म्हणू नका, तसं चालतं, दारावर कुणी अडवणार नाही, पण हौसच आहे म्हणताय तर पुरती करा.

तुम्हाला एक सांगते जे मला फार मजेशीर वाटतं. हा जो आखूड कोट आज आपल्याला जगातला सगळ्यात अवघडलेला पोशाख वाटतो, तो जन्माला आला आरामाचे कपडे म्हणून. १८६५ साली लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या हेन्री पूल या शिंप्याने इंग्लंडच्या युवराजासाठी, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, घरगुती जेवणासाठी शेपटीशिवायचा आखूड कोट शिवला असं सांगतात. तोवर संध्याकाळी मागे लांब शेपट्या असलेला कोटच घालावा लागायचा. मग तो अमेरिकेत गेला, न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये १८८६ च्या सुमाराला लोक तो घालायला लागले आणि नाव चिकटलं. म्हणजे त्या काळी एखाद्या म्हाताऱ्या सरदाराने टक्सिडोवाल्याला बघून "काय हे, घरच्या कपड्यांत जेवायला आलाय" असंच म्हटलं असणार. आज आपण हाफ पँटवाल्याला म्हणतो तसं.

विकत की भाड्याने? एकाच सफरीसाठी असेल तर भाड्याने, पण निघायच्या आधी, तुमच्या अंगाला लावून बघून. काही कंपन्या आधी मापं कळवली की केबिनमध्ये आणून ठेवायची सोय करतात, ती आहे का ते बुकिंग करतानाच विचारा, बोटीवर चढल्यावर नाही. बो टाय स्वतः बांधायचा हट्ट असेल तर महिनाभर आधी आरशासमोर बसा. नाहीतर तयार क्लिपवाला आणा, लांबून कुणाला कळत नाही, आणि जवळून कळलं तर कळू दे. गरम समुद्रातली सफर असेल तर पांढरं डिनर जॅकेट आणि काळी पँट पण चालते, जुन्या बोटींवर उष्ण भागात तीच पद्धत होती, आणि सावळ्या रंगावर ते काय खुलून दिसतं म्हणून सांगू.

मावशी, सात रात्रींना किती ड्रेस न्यायचे? मी यादी केली तर अकरा झाले आणि नवरा हसतोय.

हसू दे, पण अकरा जास्तच आहेत. जेवायला तुम्ही जाणार त्या हॉलमध्ये रोज तीच तीच माणसं तुमचा ड्रेस लक्षात ठेवतात हा भ्रम आहे, तुमच्याच टेबलावरची चार सोडली तर नाही. एक गडद रंगाचा लांब किंवा गुडघ्याखालपर्यंतचा साधा ड्रेस घ्या, एका फॉर्मल रात्री तो आणि दागिने, दुसऱ्या रात्री तोच आणि वर वेगळं जॅकेट किंवा शाल. बाकीच्या रात्रींना दोन पँटी आणि चार टॉप फिरवा. पायघोळ गाऊनची सक्ती कुठेच नाही, क्युनार्डच्या गाला रात्रीसुद्धा कॉकटेल ड्रेस किंवा बायकांचा चांगला पँटसूट चालतो. आपापल्या देशाचा औपचारिक पारंपरिक पोशाख पण त्यांना मान्य आहे आणि स्कॉटिश पुरुष तर किल्ट, म्हणजे त्यांचा चौकड्यांचा घागरा, घालून येतात, आणि खरं सांगायचं तर हॉलमधले सगळ्यात रुबाबदार तेच दिसतात, टक्सिडोवाल्या भाऊंनी वाचू नये.

कंपनीच्या पानावर थीम लिहिली आहे का तेवढं बघून घ्या. क्युनार्डवर काळं-पांढरं अशी एक रात्र असते, मुखवट्यांची एक असते. व्हर्जिन व्हॉयेजेसवर ड्रेस कोड काहीच नाही, पण एका रात्री सगळ्यांनी लाल घालायचं, स्कार्लेट नाइट म्हणतात, आणि तिथे लाल न घालता गेलं तर कुणी बोलत नाही पण स्वतःलाच चुकल्यासारखं होतं. एक लाल ओढणीसुद्धा पुरते.

आता दोन गोष्टी ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. पहिली, टाच. माझ्या पहिल्याच क्रूझला मी बारीक उंच टाचेच्या सँडल घेऊन गेले, फॉर्मल रात्री समुद्र जरा खवळलेला, बोट डावी-उजवी करतेय, आणि हॉलमध्ये उतरायच्या जिन्यावर मी कठडा धरून अशी उभी की मागे रांग लागली. शेवटी सँडल हातात घेऊन उतरले. कठड्याला धरून, अनवाणी, वर गाऊन, त्या नॉर्मंडीच्या जिन्याची नेमकी उलटी गोष्ट. तेव्हा रुंद टाच नाहीतर सपाट, आणि लांब ड्रेस असेल तर बूट घालून लांबी बघून घ्या, जिन्यावर पाय अडकतो. दुसरी, इस्त्री. प्रवासी इस्त्री बॅगेत टाकून गेले होते, चढतानाच काढून ठेवून घेतली, परतीच्या दिवशी दिली. आग लागायची भीती म्हणून जवळपास सगळ्या कंपन्या केबिनमध्ये इस्त्री आणि वाफेचं यंत्र दोन्ही आणू देत नाहीत, आणि समुद्रात आग म्हणजे काय ते कळतं म्हणून मी भांडलेही नाही. काही बोटींवर प्रवाशांसाठी धुण्याची खोली असते आणि तिथे इस्त्री असते, क्युनार्डवर आहे, रॉयल कॅरिबियनवर नाही. फॉर्मल रात्री तिथे पाच वाजता रांग असते हेही ऐकून ठेवा, सकाळीच उरका. नसेल तर पैसे देऊन प्रेस करून मिळतं, किंवा माझी युक्ती, ड्रेस बाथरूममध्ये टांगायचा, दार लावून गरम पाण्याचा शॉवर घ्यायचा, वाफेने बऱ्याच चुण्या जातात. त्याहून बरं म्हणजे चुणी न पडणारं कापड. लिननचं नावही काढू नका.

आणि हो, हॉलमध्ये एसी फार थंड. शाल न्याच.

बॅगच विमानात हरवली तर? फॉर्मल रात्री आम्ही कुठे जायचं?

जिथे जायचं तिथेच जा. रिसेप्शनवर आधी सांगून ठेवा, हॉलच्या हेड वेटरला सांगा, बॅग हरवली म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी समजून घेतात, काही बोटी जॅकेट उसनंही देतात. बोटीवर दुकानं असतात पण मापाचं आणि परवडेल असं मिळेलच याची खात्री नको. आधीच करायचं काम एवढंच, नवरा-बायकोचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे अर्धे भरा, आणि एक हॉलमध्ये जाण्यासारखा जोड हातातल्या बॅगेत ठेवा. चढायच्या दिवशी मोठी बॅग बंदरावरच घेतात आणि केबिनला यायला संध्याकाळ होते, तेव्हाही तोच कामाला येतो.

आम्हाला हाफ पँटवर होतो म्हणून दारातूनच परत पाठवलं. सगळ्यांसमोर. चिरंजीव १६ वर्षांचा, तो रडवेला झाला. पुढच्या टेबलावर एक गोरे आजोबा हाफ पँटमध्येच बसले होते! हा काय न्याय?

हा न्याय नाही, आणि इथे मी नियमाची बाजू घेणार नाही. नियम लेखी असतो पण दारावर उभा असतो तो माणूस, आणि तो कुणाला बघून न बघितल्यासारखं करतो आणि कुणाला अडवतो ही तक्रार मी आधीही ऐकली आहे. आजोबा कदाचित नियम लागू व्हायच्या आधीच येऊन बसले असतील, कदाचित त्यांना पायाचं काही दुखणं असेल, असू शकतं. पण ते तुम्हाला कसं कळणार? अशा वेळी दारात वाद घालू नका, पोरं जास्त कानकोंडी होतात. केबिनमध्ये जाऊन पँट बदलून या, जेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनवर शांतपणे लिहून द्या, वेळ, हॉलचं नाव, काय दिसलं ते. "आम्हाला का अडवलं" असं लिहू नका, "त्यांना का सोडलं" असंही नको, "नियम सगळ्यांना सारखा आहे का" एवढंच विचारा. याला उत्तर देणं त्यांना भाग पडतं.

चिरंजीवांसाठी वेगळं सांगते. १६ व्या वर्षी सूट शिवून देऊ नका, सहा महिन्यांत आखूड होतो. काळी पँट, एक बरा शर्ट, पायात काळे बूट, झालं. आणि पहिल्या संध्याकाळी त्याला घेऊन हॉलच्या दारापर्यंत नुसती एक चक्कर मारा, लोक काय घालून आत जातायत ते त्याला स्वतः बघू दे. आपण सांगितलेलं ही पोरं ऐकत नाहीत, बघितलेलं ऐकतात.

कॅप्टनसोबत जेवण खरंच असतं का? त्यासाठी काय करावं लागतं?

असतं, पण अर्ज करून मिळत नाही. काही बोटींवर फॉर्मल रात्री कॅप्टनच्या टेबलावर थोड्या पाहुण्यांना बोलावतात, सहसा तीच तीच कंपनी घेऊन फिरणाऱ्या जुन्या प्रवाशांना किंवा मोठ्या केबिनवाल्यांना. बाकीच्यांसाठी कॅप्टनची पार्टी असते, तिथे तो येतो, दोन शब्द बोलतो, फोटो होतात. तिथे एक खेळ खेळा, अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या नाहीतर बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांच्या मध्ये कुठला रंग आहे बघा. ब्रिटिश पद्धतीच्या बोटींवर जांभळा म्हणजे इंजिनवाला, लाल म्हणजे डॉक्टर, पांढरा म्हणजे हिशेब आणि हॉटेलचं बघणारा. जांभळ्यावाल्याला बोलतं करा, कॅप्टनपेक्षा जास्त गोष्टी त्याच्याकडे असतात. आणि त्या रात्री जिन्यापाशी कॅमेरा घेऊन उभे असतात ते फोटोवाले, फोटो काढायला फुकट, घ्यायला पैसे. काढून घ्या, घ्यायचं नंतर ठरवा.

माझ्याकडे मिलिटरी छापाची एक कार्गो पँट आहे, जेवायला नाही, फक्त कॅरिबियन बेटांवर उतरून फिरायला घालणार आहे. तेवढं तरी चालेल ना?

नेमकं तेवढंच चालणार नाही! बोटीवर कुणी काही बोलणार नाही, पण बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो अशा बऱ्याच कॅरिबियन देशांत तो छाप सैन्याशिवाय दुसऱ्या कुणी घालणं कायद्याने बंद आहे, मोठ्या माणसांनाही आणि लहान मुलांनाही, आणि पर्यटक म्हणून सवलत नाही. बंदरावरच उतरवायला लावतील. टाय नेला नाही तरी चालेल, ती पँट घरी ठेवा.